पुलाची खालची बाजू

पुण्यात वारज्याहून वडगावच्या दिशेने जाताना गाडी मुठेवरच्या महामार्गाच्या पुलावर चढली, की अण्णा बोलायचे थांबतात. गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत, वाक्य अर्ध्यावर असो, ते तिथेच राहते. मान किंचित खिडकीकडे कलते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करून सरकू लागतो. दहा-बारा सेकंदांत पूल संपतो, आणि सोडलेले वाक्य ते नेमक्या त्याच शब्दापासून पुन्हा उचलतात. माझ्या मुलाला लहानपणी वाटायचे, की आजोबा पुलावर कसला तरी जप करतात. ते सांधे मोजत असतात.

अण्णांनी सारी नोकरी बांधकाम खात्यात काढली, आणि तीतली बहुतेक वर्षे भोर, वेल्हे आणि मुळशीच्या डोंगराळ रस्त्यांवर. ओव्हरसिअर म्हणून लागले, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आता ते ८४ वर्षांचे आहेत, कानांनी थोडे कमी ऐकू येते, पण पुलाच्या सांध्यावरून चाक गेल्याचा आवाज त्यांना गाडीच्या पत्र्यातून, आसनातून, पायांच्या तळव्यांतून कळतो. पुढची चाके आणि मागची चाके असे दोन ठोके पडतात, मग शांतता, मग पुन्हा दोन ठोके. वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ठोक्यांच्या दोन जोड्यांमध्ये अडीच सेकंद गेले, तर सांध्यांमधले अंतर ४० मीटरच्या आसपास आहे असे समजावे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा हिशेब मला कागदावर सोपा वाटतो. अण्णा तो कागदाशिवाय करतात. मात्र सांधे मोजले म्हणजे खांब मोजले असे मी एकदा म्हणाले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. पूर्वी प्रत्येक खांबावर एक सांधा असे, आता दोन-तीन किंवा अधिक गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, सलग जोडून घेतात, म्हणून वरच्या आवाजावरून खालच्या खांबांची संख्या सांगता येत नाही. “खांब मोजायचे असतील तर खाली उतरावे लागते,” असे ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले, की आपण या पुलाखाली कधी उतरलोच नाही.

मी या पुलावरून अकरा वर्षे जात-येत आहे. घर वारज्यात, महाविद्यालय नऱ्ह्याच्या बाजूला, त्यामुळे दिवसातून दोनदा मुठा ओलांडणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तरीही गेल्या जानेवारीतल्या एका रविवारपर्यंत या पुलाचे एकही चित्र माझ्या मनात नव्हते. बाह्यवळण रस्ता देहूरोडपासून कात्रजपर्यंत शहराला पश्चिमेकडून वळसा घालतो आणि वाटेत पवना, मुळा आणि मुठा अशा तीन नद्या ओलांडतो. एकदा मी वर्गात विचारले, की हिंजवडीला जाताना आपण कोणकोणत्या नद्या ओलांडतो; साठ मुलांपैकी एकीलाच मुळेचे नाव सांगता आले, आणि तिचे आजोळ बालेवाडीचे होते. दोष मुलांचा मुळीच नाही. महामार्गाचा पूल बांधतानाच असा बांधतात, की रस्ता नदीपाशी आला आहे हे गाडीला कळू नये. त्याला चढ नसतो, वळण नसते, रुंदी कमी होत नाही, डांबराचा रंगही बदलत नाही. निर्माल्याच्या पिशव्या पात्रात टाकल्या जाऊ नयेत म्हणून शहरातल्या पुलांवर उंच जाळ्या बसवाव्या लागल्या, आणि तिथे उरलीसुरली नदीही जाळीच्या चौकोनांत गेली. माझी आजी एसटीने जाताना नदी लागली की हात जोडायची आणि पदराच्या गाठीतला पैसा खिडकीतून खाली टाकायची. तिला नदी लागल्याचे कळायचे, कारण गाडी हळू व्हायची.

जुन्या वाटेवर तर गाडी थांबायचीही. अण्णांच्या भागात तेव्हा पुलांपेक्षा फरशा अधिक होत्या. फरशी म्हणजे नदीच्या पात्रातूनच नेलेला दगडी किंवा काँक्रीटचा सखल रस्ता. उन्हाळ्यात पाणी खालच्या नळ्यांतून जाते, पावसाळ्यात वरून. पाणी फरशीच्या वर चढले, की एसटी अलीकडच्या तीरावर उभी राही, कंडक्टर खाली उतरून पाण्याकडे बघत उभा राही, आणि पन्नास माणसे नदीची मर्जी सांभाळत दोन-चार तास काढत. त्या थांबण्यात बाळंतिणी अडकल्या, आजारी माणसे अडकली, काही उतावळे वाहूनही गेले. म्हणून मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. गावाला पूल होणे म्हणजे काय, हे ज्यांनी फरशीवर पावसाळे काढले त्यांनाच विचारावे. पण त्या काळी नदीशी जो रोजचा संबंध होता, पाणी किती, रंग कसला, कालच्यापेक्षा चढले की उतरले, हे प्रत्येकाला ठाऊक असण्याची जी गरज होती, ती नव्या पुलाने संपवली. आता पाण्याची पातळी बघण्याचे काम पगारी माणसाकडे गेले, आणि तो माणूस बघतो की नाही, हे बघण्याची सवय मात्र कुणालाच लागली नाही.

तर जानेवारीतल्या त्या रविवारी मी अण्णांना खाली नेले. सेवारस्त्यापासून एक पायवाट नदीकडे उतरते. एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर, असे ते तिथून पाऊण तासात उतरले. जानेवारीतली मुठा म्हणजे काळ्या कातळाच्या खोलगट बशांमध्ये साचलेले आणि मधूनच एका बशीतून दुसरीत सरकणारे पाणी. कडेला जलपर्णीचे हिरवे पुंजके होते, बगळे होते, आणि शहरातल्या नदीला येतो तो वासही होता. वर पाहिले आणि मी थबकले. ज्याला मी रोज रस्त्याचा एक सपाट तुकडा समजत होते, तो इथून एक भली मोठी वास्तू होता. दोन्ही दिशांचे रस्ते वेगवेगळ्या अंगांनी डोक्यावरून जात होते, त्यांच्या मधल्या फटीतून आकाशाची एक लांबच लांब पट्टी दिसत होती, आणि खांबांची रांग एका तीराकडून दुसऱ्या तीराकडे पाण्यात पाय देऊन उभी होती. वरची वाहने दिसत नव्हती. एखादा जड ट्रक गेला, की आधी दूरच्या सांध्यावर, मग जवळच्या, असा तो ऐकू येत येत डोक्यावरून पार निघून जाई.

अण्णा एका दगडावर बसले, आणि त्यांनी आधी खांबाच्या माथ्याकडे बोट दाखवले. तुळई खांबावर थेट टेकलेली नसते, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण डोळ्यांनी मी ते पहिल्यांदाच पाहत होते. दोघांच्या मध्ये हातभर जागा असते आणि तिच्यात बेअरिंग असते. काही पुलांवर रबर आणि पोलादी पत्रे यांचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली जाड चकती, काही ठिकाणी पोलादी भांड्यात बसवलेले रबर. पुलाचा सारा भार, त्यावरून जाणाऱ्या सगळ्या ट्रकांसह, या चकत्यांमधूनच खांबात उतरतो. ती चकती मध्ये ठेवावी लागते, कारण काँक्रीट उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते. ४० मीटर लांबीची तुळई ३० अंशांच्या फरकाने सुमारे १४ मिलिमीटरने लांब होते. करंगळीच्या जाडीएवढी ही हालचाल. पण तिला जागा दिली नाही, तर ती खांबाला ढकलते, काँक्रीटला चिरते, आणि स्वतःची जागा स्वतः करून घेते. वरचा सांधा आणि खालचे बेअरिंग या दोन गोष्टी त्या करंगळीएवढ्या जागेसाठी असतात, आणि पुलाच्या सगळ्या अवयवांमध्ये याच दोन सर्वांत आधी झिजतात. आजचे पूल शंभर वर्षे टिकावेत या हिशेबाने आखतात; बेअरिंग आणि सांधे एवढे टिकत नाहीत. म्हणजे पुलाच्या आयुष्यात ते अनेकदा बदलावे लागणार, सगळा पूल जॅकवर काही मिलिमीटर उचलून धरावा लागणार, हे बांधतानाच ठरलेले असते. ज्या दिवशी फीत कापली जाते, त्याच दिवशी पुढच्या दुरुस्त्यांची यादी जन्माला आलेली असते, असे अण्णा म्हणतात.

तुळईच्या पोटातल्या तारांची गोष्ट मात्र मला त्यांनी फार पूर्वी, मी नऊ-दहा वर्षांची असताना, भोरच्या बाजारात एका लोहाराच्या भट्टीसमोर उभे करून सांगितली होती. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवत होता. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात, तापून फुगली की चाकावर चढवतात आणि लगेच वरून पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, धाव आकसते आणि लाकडी पाट्या, आरे आणि तुंबा यांना चारी बाजूंनी अशी आवळते, की पुढे कितीही खडबडीत वाटेवर चाक आपटले तरी सांधे सुटत नाहीत. “ओझे येण्याआधीच चाकाला आवळून ठेवले आहे,” असे अण्णा म्हणाले होते, “नव्या पुलात हेच करतात.” काँक्रीट हा एका अर्थी ओतून केलेला दगड आहे, दगडासारखाच तो दाबाला खंबीर आणि ताणाला दुबळा. जुन्या लोकांनी म्हणून कमानी बांधल्या, कारण कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याने दाबलेलाच राहतो. शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल, ज्याला पुणेकर अजून नवा पूलच म्हणतात, १९२३ मध्ये झाला आणि शंभरी ओलांडून आजही कमानींवर उभा आहे. पण कमानीने फार लांब गाळा घ्यायचा तर तिला उंचीही तेवढीच लागते. सरळ, सडपातळ तुळईने नदी ओलांडायची असेल, तर तिच्या तळाशी येणारा ताण आधीच मारून ठेवावा लागतो. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने याने १९२८ मध्ये त्याची रीत पेटंट केली: काँक्रीटमधून उच्च ताकदीच्या पोलादी तारा न्यायच्या, त्या जॅकने ओढून ताणायच्या आणि टोकांना अडकवून ठेवायच्या. तारा परत आकसू पाहतात आणि काँक्रीटला दाबून धरतात. वर ट्रक आला, की तो दाब थोडा सैल होतो, एवढेच. वारज्याच्या पुलाखाली बसून मी त्या जुन्या धावेची आठवण काढली, तेव्हा अण्णांना लोहाराचे नाव, त्याच्या बैलांचे रंग, सगळे आठवत होते.

नदीची बाजू याहून अवघड आहे, कारण तुळईचे गणित माणसाच्या हातात असते आणि पुराचे नसते. मुठेच्या खोऱ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर आणि त्या तिन्हींच्या खाली खडकवासला अशी धरणे आहेत; खडकवासल्यातून नदीत सुटलेला प्रत्येक थेंब शहरात शिरण्याआधी या पुलाखालून जातो. पुण्यात आपण पूर मोजतो तो पात्रातल्या सखल भिडे पुलाने. तो बुडाला की पावसाळा लागला, असे म्हणायची पद्धत आहे, आणि त्यापुढे क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, जे कुणाच्याच डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर पाणी या खांबांच्या मधून निघून जात होते. पुलाची उंची ठरवताना असा, आणि याहून मोठा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर धरतात, आणि त्या पातळीच्या वर आणखी मोकळी जागा सोडतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली; तिच्या नियमांप्रमाणे सेकंदाला ३०० ते ३००० घनमीटर पाणी वाहून नेणाऱ्या प्रवाहावर ही जागा किमान १.२ मीटर हवी. पूर एकटा येत नाही. झाडे, ओंडके, जलपर्णीचे गालिचे, गोठ्याचे पत्रे, सगळे घेऊन येतो, आणि त्यांना तुळईखालून निघून जायला वाट लागते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा अण्णा २० वर्षांचे होते, पुण्यात पदविकेला शिकत होते आणि सदाशिव पेठेतल्या उंचवट्यावरच्या एका खोलीत राहत होते. लकडी पुलाचे मूळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, पानिपतानंतरच्या १७६१ या वर्षात सांगतात. म्हणजे त्या जागेला बरोबर दोनशे वर्षे झाली, त्याच वर्षी तो पाण्याखाली गेला. अण्णांनी तो पूर पाहिला, पण त्या दिवसाबद्दल ते फार कमी बोलतात. एकदाच म्हणाले, की पाणी ओसरल्यावर शहराने आधी माणसे मोजली आणि मग पूल, आणि पूल मोजायला गेलेल्या माणसांच्या मागे आम्ही विद्यार्थी चाललो होतो. मला वाटते, त्यांची नोकरी त्या दिवशी सुरू झाली.

पूर पुलाला वरून पाडतो असे आपल्याला वाटते. बहुधा तो खालून पोखरतो. खांब आडवा आला, की पाणी त्याच्या नाकावर आदळून खाली वळते, तळाशी भोवरा धरते आणि खांबाच्या भोवतीची वाळू, माती उकरून नेते. खांबापाशी ही खोदाई प्रवाहातल्या सरासरी खोदाईच्या दुप्पट होईल असे धरून पाया त्याहून खोल नेतात. यातली फसवी गोष्ट अशी, की पूर ऐन भरात असताना खड्डा सर्वांत खोल असतो आणि पाणी उतरू लागले की गाळ येऊन तो पुन्हा भरतो. दुसऱ्या दिवशी पाहणारा सपाट पात्र पाहून निश्चिंत होऊन परततो. मुठेला पुण्यापाशी कातळ लागतो, पाया त्यात रोवता येतो, हे आपले भाग्य. जिथे पात्र वाळूचे आहे आणि ती वाळू लोक ट्रक भरभरून उपसतात, तिथे नदीने न केलेली खोदाई माणूस करून ठेवतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल पुरात कोसळला आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या दोन एसटी बस, इतर वाहनांसह, अंधारात पाण्यात गेल्या. बातमी सकाळी आली. अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, “पाया की कमान?” मग दिवसभर काही खाल्ले नाही. तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, आणि तसे काम करणाऱ्यांचा मला आदरच वाटतो. पण त्या जुन्या पुलाखाली पुरेशा वेळा, पुरेशा बारकाईने कुणी उतरले असते का, हा प्रश्न नव्या पुलाने मिटत नाही. २०२५ च्या जूनमध्ये, १५ तारखेला, इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह खचला आणि चार माणसे गेली. तो महामार्गावरचा पूल नव्हता, पण आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होता. अण्णांनी टीव्ही बंद करायला सांगितले.

पुलाकडे बघायचे कसे, हे त्यांनी मला शाळेच्या सुट्ट्यांमध्ये शिकवले होते. मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, ते आपल्या हद्दीतला प्रत्येक पूल आणि प्रत्येक मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारा लहान पूल, खालून बघत. प्रत्येकीच्या कठड्यावर तिचा क्रमांक असे, आधी किलोमीटर आणि तिरक्या रेघेनंतर त्या किलोमीटरमधली कितवी ते. ते क्रमांक त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. खांद्याच्या पिशवीत टेप, खडू, बॅटरी, वही आणि एक लहान हातोडी असे. हातोडीने ते काँक्रीटवर टिचकी मारल्यासारखे ठोकत जात आणि मला ऐकायला सांगत. उन्हाळ्यात माठ घेताना आई जशी वाजवून बघे, तसेच. धडधाकट काँक्रीट खणखणीत वाजते. आत सळई गंजून फुगली असेल आणि वरचा थर सुटला असेल, तर ते बद्द वाजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. डोळ्यांना भेग दिसायच्या आधी कानाला तो बद्दपणा कळतो. बद्द वाजलेल्या जागेभोवती मी खडूने गोल काढायचा, हे माझे काम. पुढच्या मे महिन्यात तो गोल मोठा करावा लागला, तर अण्णा त्या रात्री कार्यालयाला पत्र लिहीत.

त्यांच्यासोबत नेहमी एक मैलकुली असे. ठरलेल्या मैलांचा रस्ता सांभाळणारा हा माणूस त्याच रस्त्याकडेच्या गावचा असायचा, आणि त्याला पुलाबद्दल अण्णांपेक्षा अधिक ठाऊक असे, कारण तो रोज तिथून चालत जायचा. पुलावरचे पावसाचे पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या मातीने बुजतात. तो सळईने त्या मोकळ्या करायचा. दगडी पुलाच्या सांध्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो; दोन पानांचा असताना तो बोटांनी निघतो, हातभर झाला की कोयता लागतो, आणि मनगटाएवढा झाला की दगड त्याचे झालेले असतात. पुलाचा शत्रू पूर, असे मी समजत होते. अण्णांच्या मते पूर हा चार वर्षांतून एकदा येणारा शत्रू आहे. वर साचलेले आणि सांध्यातून झिरपून बेअरिंगवर, खांबाच्या माथ्यावर उतरणारे पाणी हा रोजचा. बुजलेली नळी मोकळी करायला पाच मिनिटे लागतात आणि एक सळई लागते. त्या पाच मिनिटांचा समारंभ होत नाही, त्याचा फलक लागत नाही, आणि माझे प्रामाणिक मत असे, की पुलांच्या बाबतीत आपले सगळे दुर्दैव तिथूनच सुरू होते. आता लांब हाताची यंत्रे आहेत, जी पुलावर उभी राहून माणसाला पाळण्यात बसवून तुळईखाली नेतात. पुलांची संगणकीय नोंद होते, प्रत्येकाला क्रमांक मिळतो. हे सगळे चांगलेच आहे आणि अण्णांनाही ते आवडते. ते फक्त विचारतात, की मैलकुलीच्या जागा भरतात का.

त्या रविवारी निघताना अण्णा काठाजवळच्या एका खांबापाशी थांबले. खांब एका दमात ओतत नाहीत; साच्याच्या उंचीएवढा भाग झाला, की साचा वर सरकवून पुढचा. त्या जोडांच्या आडव्या रेघा काँक्रीटवर राहतात. खालून तिसऱ्या रेघेच्या थोडे वर चिखलाचा एक वाळलेला पट्टा होता, त्याला काही चिंध्या आणि गवत अजून चिकटलेले होते. आधीच्या जुलैतल्या पुराची ती खूण असावी. अण्णांनी वही काढली, हल्ली त्यांचे अक्षर थरथरते, तरी तारीख घातली, पुलाचे नाव लिहिले आणि खांबाचे लहानसे चित्र काढून तीन रेघा आणि त्यांच्या वर एक तुटक रेघ ओढली. मग वही माझ्या हातात दिली. ती परत मागितली नाही.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला, भिडे पूल बुडाल्याची बातमी आली, खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचे भोंगे वाजले. त्या दुपारी मी महाविद्यालयातून परतताना पुलावर आले, तेव्हा जाळीपलीकडे नुसता तांबडा, पसरलेला पाण्याचा रंग दिसला, आणि पुढच्या ट्रकने उडवलेल्या तुषारांत तोही गेला. घरी न जाता मी गाडी सेवारस्त्यावरच्या एका दुकानापाशी लावली आणि पायवाट जिथून उतरायला लागते त्या वरच्या कडेला, छत्री घेऊन उभी राहिले. पायवाट पाण्यात होती. अण्णा ज्या दगडावर बसले होते, तो कुठे असेल हे समजत नव्हते. खांबाच्या नाकावर पाणी चढून दुभंगत होते, एका खांबाला बाभळीची अख्खी फांदी अडकून थरथरत होती, आणि वर ट्रक नेहमीच्याच वेगाने जात होते. वही पिशवीत होती. मी रेघा शोधल्या, पुन्हा मोजल्या आणि अण्णांना फोन लावला.

“तिसरी रेघ दिसते आहे, अण्णा. पाणी तिच्या खाली आहे.”

“किती खाली?”

“हातभर असेल.”

पलीकडे ते वहीशिवायच हिशेब करत असावेत. मला त्यांच्या अंगठ्याची पेरांवरची हालचाल जणू दिसत होती.

“बरं,” ते म्हणाले. “रात्री जाऊ नकोस, निसरडे असेल. सकाळी उजाडल्यावर पुन्हा बघ.”